वेंगुर्ल्याचे खडक आणि सुकाणू धरणारे हात

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आम्ही जिंजीवर लिहिणार हे जवळजवळ ठरल्यासारखेच होते. आवडीच्या मराठी माणसाने इतिहासाला हात घालावयाचा म्हणजे जिंजी, तंजावर, नाहीतर जॉर्जटाऊनमधील काळिकांबाळचे देऊळ; चौथा विषय आपल्याला सहसा सुचत नाही. परंतु त्याच आठवड्यात आमच्या एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. त्यांची कन्या परदेशी असते. नवराबायकोंनी सुट्टीत भूमध्य समुद्रात एक स्पीडबोट दिवसभरासाठी भाड्याने घेतली होती; बेटांना वळसे घातले, समुद्रात उघडणाऱ्या गुहांतून बोट आत नेली, निळ्या पाण्यात डुंबले आणि संध्याकाळी परत आले. छायाचित्रे खरोखरच सुरेख होती. ती दाखवून झाल्यावर स्नेही सहज म्हणाले, "आपल्याकडे असं काही नाही हो!"

चहा संपवून आम्ही उठलो, पण ते वाक्य आमच्याबरोबर घरापर्यंत आले. नाही कसे? आमच्या कोकणाच्या समुद्रात बेटे आहेत, त्या बेटांना गुहा आहेत आणि त्यांना इतिहासही आहे. तो आपण वाचलेला नाही, इतकेच. म्हणून जिंजीला थोडा वेळ बाजूस ठेवून आम्ही समुद्राकडे वळत आहो. जिंजी आम्हांला वाटेत भेटणारच आहे.

भूमध्य समुद्रातील सर्वांत प्रसिद्ध गुहा इटलीच्या काप्री बेटावर आहे. तिला नीलगुहा म्हणतात. तिचे तोंड पाण्यापासून जेमतेम तीन फूट उंच, त्यामुळे लहान होडीत आडवे पडूनच आत शिरावे लागते. तोंडाखाली पाण्यात आणखी एक मोठी फट आहे. तिच्यातून सूर्यप्रकाश पाण्यात गाळून आत येतो आणि सारी गुहा खालून निळी उजळते. टायबेरियस हा रोमन सम्राट आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे या बेटावर राहिला. त्या काळी गुहेत मूर्ती उभ्या केलेल्या होत्या आणि त्यांपैकी काही १९६४ साली गुहेच्या तळातून वर काढण्यात आल्या. पुढे शतकानुशतके ही गुहा भुताखेतांची म्हणून टाळली गेली. १८२६ साली आउगुस्ट कोपिश हा जर्मन कवी-चित्रकार तेथे गेला, पोहत आत शिरला आणि परत जाऊन त्याने तिच्यावर लिहिले. तेव्हापासून कोपिशने नीलगुहेचा शोध लावला, असे युरोपात सांगतात.

परंतु कोपिशला गुहेपर्यंत नेले कोणी? आंजेलो फेरारो नावाच्या स्थानिक कोळ्याने. गुहेचे तोंड कोठे आहे, कोणत्या वेळी पाणी उतरलेले असते, कोणत्या वाऱ्यात तिकडे फिरकू नये, हे सर्व त्याला ठाऊक होते. तरीही शोध कोपिशचा झाला. फेरारोचे नाव निदान कागदावर राहिले, हे त्याचे भाग्य. आमच्याकडच्या कोळ्यांना तेही लाभले नाही. समुद्राचा इतिहास उतारूंच्या नावाने लिहिला जातो आणि सुकाणू ज्याच्या हाती असते तो त्या इतिहासाबाहेर राहतो, ही आमची जुनी तक्रार आहे. कोकणापुरती तरी ती येथे मांडून पाहावी, असा आमचा विचार आहे.

मालवणपासूनच आरंभ करू. १६६४ च्या आरंभी सुरतेवर स्वारी झाली, आणि त्याच वर्षाच्या २५ नोव्हेंबरला शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावरील किल्ल्याचा मुहूर्त केला. किनाऱ्यावर ज्या ठिकाणी पूजा झाली तेथील कोरीव खडकाला मोरयाचा धोंडा म्हणतात. त्यावर गणपती आणि चंद्रसूर्य कोरलेले आहेत. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. अठ्ठेचाळीस एकरांचे ते बेट, त्याभोवती नागमोडी वळणे घेत गेलेला सुमारे दोन मैलांचा तट, पायात ओतलेले शिसे, भर खाऱ्या समुद्रात गोड्या पाण्याच्या दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या विहिरी, आणि शेजारी जाईपर्यंत डोळ्यांना न दिसणारा दरवाजा. हे सारे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले आहे. हिरोजी इंदुलकराचे नावही आपण ऐकलेले असते.

पण महाराज घाटावरचे. हे बेट त्यांना दाखविले कोणी? मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहिले तर कुरटे बेट अगदी हाताशी भासते. मात्र मधल्या पाण्यात जागोजाग खडप आहे, काही दिसणारे, काही ओहोटीलाच दिसणारे आणि काही कधीच न दिसणारे. परक्या जहाजाने सरळ रेघ मारून यावयाचे म्हटले तर त्याचा तळ फाटावा. किल्ल्याचे खरे बळ तटाइतकेच या खडपात आहे, आणि त्या खडपातून जाणारी वाट फक्त तेथे रोज जाळे टाकणाऱ्याला ठाऊक. परंपरा असे सांगते की, ही जागा चार कोळ्यांनी शोधून दिली आणि त्याबद्दल महाराजांनी त्यांना गावे इनाम दिली. इनाम मिळाल्याची आठवण राहिली. ती चार नावे मात्र आज कोणाच्याही तोंडी नाहीत. महाराजांनी आपले देणे चुकते केले होते, हे येथे नोंदविले पाहिजे. हिशेब चुकला तो नंतरच्या आम्हा लिहिणाऱ्यांचा.

किल्ल्यातील श्रीशिवराजेश्वराचे देऊळ राजाराम महाराजांनी बांधले, असे मानतात, आणि त्याचे साल १६९५ सांगतात. त्या वेळी राजाराम महाराज कोठे होते? जिंजीत. मोगलांच्या वेढ्यात. आपल्या घरापासून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या त्या डोंगरी किल्ल्यावरून मराठी राज्याचा कारभार चालला असता, तिकडे पश्चिम समुद्रातील एका बेटावर पित्याचे मंदिर उभे राहत होते. जिंजी वाटेत भेटेल असे आम्ही म्हटले होते, ते याचसाठी.

दुसरे बेट खांदेरी. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर. दक्षिण दिग्विजयाहून महाराजांना परतून फार काळ लोटला नव्हता. त्या स्वारीत, १६७७ च्या उन्हाळ्यात, त्यांनी मद्रासच्या इंग्रजांकडून औषधी खडे आणि काही विषहारक वस्तू मागविल्या होत्या आणि इंग्रजांनी त्या किंमत न घेता भेट म्हणून धाडल्या होत्या. पुढे त्यांनी इंजिनिअर मागितले, तेव्हा मात्र सेंट जॉर्ज किल्ल्यातील मंडळींनी नम्रपणे अंग काढून घेतले. मद्रासचे इंग्रज इतके गोड आणि मुंबईचे इंग्रज दोनच वर्षांत तोफा घेऊन समोर, असा तो काळ होता.

१६७९ च्या पावसाळ्याअखेरीस मायनाक भंडाऱ्याने सुमारे दीडशे माणसांनिशी खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडाशीच हा किल्ला झाला तर आपले बंदर संपले, हे ओळखून इंग्रजांनी लढाऊ जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. सप्टेंबरात बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात त्यांचा फ्रान्सिस थॉर्प नावाचा अधिकारी मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराशी मोठी झुंज झाली. 'डव्ह' नावाची इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. मात्र कॅप्टन केग्विन ज्यावर होता त्या 'रिव्हेंज' जहाजाने टिकाव धरला, मराठ्यांच्या काही होड्या बुडविल्या आणि बाकीच्यांना नागोठण्याच्या खाडीकडे मागे सरावे लागले. त्या दिवसाची लढाई आपण जिंकली, असे म्हणता येणार नाही.

तरीही खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. याचे कारण त्या लढाईत नसून रात्रीच्या येण्याजाण्यात आहे. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा जड. त्यांना वारा हवा आणि खोल पाणी हवे. मराठ्यांच्या होड्या उथळ तळाच्या; वारा असला तर शीड, नसला तर वल्ही. अंधारात, वारा पडलेला असताना, त्या शिधा, दारूगोळा आणि माणसे घेऊन खडकांच्या बाजूने बेटाला लागत आणि उजाडण्यापूर्वी परत जात. डोळ्यांदेखत रसद पोहोचते आणि आपल्याला ती अडविता येत नाही, याचा वैताग मुंबईकर इंग्रजांच्या त्या वेळच्या पत्रव्यवहारात स्पष्ट दिसतो. अखेर जानेवारी १६८० मध्ये तह करून त्यांनी नाकेबंदी उठविली. त्याच सुमारास सिद्दी कासमने शेजारची उंदेरी बळकावली, पण ती कथा निराळी आहे.

मायनाक भंडारी आणि दौलतखान ही नावे आपण जपली. त्या रात्री वल्ही मारणारे जे शेकडो होते, त्यांतील एकही नाव आम्हांला सांगता येणार नाही. खांदेरीवर कोळ्यांचा वेताळ आहे, त्याची पूजा आजही चालते. १८६७ साली उभारलेले दीपगृह आहे. आणि आता बेटाला कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे. हे सारे योग्यच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत खांदेरी आहे, सिंधुदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. आणि महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला म्हणून आपली जिंजी आहे. बारांपैकी चार किल्ले समुद्राशी बांधलेले! शिवकाल म्हटले की डोळ्यांसमोर फक्त सह्याद्री उभा राहतो, त्या आपल्या सवयीला हा आकडा जरा धक्का देणारा आहे.

आता ज्या खडकांसाठी हा लेख लिहावयास घेतला त्यांच्याकडे जाऊ. निवतीच्या किनाऱ्यासमोर काही मैल आत समुद्रात लहानमोठ्या खडकांचा एक पुंजका आहे. नकाशात त्याचे नाव वेंगुर्ला रॉक्स. जुन्या इंग्रजी नकाशांत बर्न्ट आयलंड्स, म्हणजे जळकी बेटे. वेंगुर्ले हे एके काळी फार मोठे बंदर होते. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांची वखार तेथे होती आणि तिचे भग्नावशेष अजूनही उभे आहेत. त्या बंदराकडे येणाऱ्या जहाजांना या खडकांचे भय असे. म्हणूनच त्यांवर दीपगृह उभारले गेले.

एका नोव्हेंबरात रजेवर गेलो असताना आम्ही दोन कुटुंबांनी मिळून मालवणहून मोटारबोट ठरविली होती. सिंधुदुर्ग डावीकडे न ठेवता त्याला पूर्ण वळसा घालून दक्षिणेस निघालो. तारकर्ली, देवबाग, मग कर्ली नदीचे मुख, भोगवे, निवतीचा मोडकळलेला किल्ला. किनारा उजव्या हातास की डाव्या हातास, यावरून मुलांचा वाद झाला आणि परतताना तो उलट बाजूने पुन्हा झाला. निवतीनंतर बोटीने नाक समुद्राकडे वळविले. इतका वेळ गुळगुळीत वाटणारे पाणी आता खालून उचलू लागले. आमच्यातील वहिनींनी डोळे मिटून घेतले ते खडक येईपर्यंत उघडले नाहीत.

जवळून पाहिल्यावर ते खडक बेटापेक्षा एखाद्या पडक्या वाड्यासारखे वाटतात. उभ्या भेगा, काळे कडे, मध्येच पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरे झालेले पट्टे. एका भेगेच्या तळाशी गुहेचे तोंड होते. लाट आत जाई, क्षणभर काहीच ऐकू येत नसे, आणि मग आतून तोफेसारखा आवाज येऊन पाणी फेसाळत बाहेर पडे. मुलांना अर्थातच आत जावयाचे होते. आम्हांलाही होते, हे कबूल करतो. परंतु सुकाणूवरच्या तांडेलांनी इंजिन मंद केले, तीन-चार लाटा नुसत्या पाहिल्या आणि मान हलविली. "आत नको. पाणी फुगलेला आसा." आम्ही म्हटले, "अहो, वारा तर काहीच नाही." त्यांनी उत्तर दिले नाही. वारा येथे नव्हता. पण दूर कोठेतरी वाहिलेल्या वाऱ्याची लाट येथे येऊन पोहोचली होती, आणि त्यांनी ती आमच्याआधी पाहिली होती. तोंडाशी थोडे थांबून बोट वळली. आम्ही काहीसे हिरमुसलो. पैसे पूर्ण दिवसाचे दिले होते ना!

काप्रीची नीलगुहाही समुद्र फुगला की बंद ठेवतात, हे आम्ही नंतर वाचले.

त्या गुहेत कोण राहते, हे सांगावयाचे राहिले. तेथे पाकोळ्या राहतात. घरांच्या आढ्याला लटकणाऱ्या वाघळांनाही काही भागांत पाकोळी म्हणतात, पण ही पाकोळी पक्षी आहे. चिमणीहून लहान, काळपट तपकिरी, दिवसभर उडत राहणारी. गुहेच्या अंधारात ती तोंडाने टक्-टक् असा आवाज करते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधते. घरटे ती आपल्या लाळेने बांधते. लाळ वाळली की घट्ट होते. तिच्यात शेवाळ, काड्या आणि पिसे मिसळून अर्ध्या वाटीसारखे घरटे कड्याला चिकटविले जाते. त्यात दोन अंडी.

हीच लाळ तिचा घात करणारी ठरली. चीनमध्ये अशा घरट्यांचे सूप पौष्टिक म्हणून मोठ्या किमतीला खातात. अंदमानातील पाकोळीचे घरटे जवळजवळ शुद्ध लाळेचे असते, म्हणून त्याला भाव अधिक. आपल्या किनाऱ्यावरच्या घरट्यात पिसे-काड्यांची भेसळ असते, म्हणून भाव कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. मद्रास लष्करातील वैद्य टी. सी. जेर्डन यांनी १८६० च्या दशकात भारतातील पक्ष्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात पाकोळीची वीण होणाऱ्या जागा म्हणून कारवारकडील पिजन आयलंड, म्हणजे नेत्राणी, हिच्याबरोबर वेंगुर्ल्याच्या खडकांचाही उल्लेख आहे. त्या काळी घरटी काढण्याचा मक्ता दिला जात असे. सरकारच्या लेखी ती समुद्रातील एक वस्तू होती, शिंपल्यासारखी.

१८७५ च्या फेब्रुवारीत ए. ओ. ह्यूम 'क्लाईड' या सागरी सर्वेक्षणाच्या जहाजातून लक्षद्वीपच्या सफरीवर गेले. या सफरीत पश्चिम किनाऱ्यावरील असे खडक आणि त्यांवरचे पक्षी यांचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले आणि पुढे आपल्या पक्षिविषयक नियतकालिकात त्यावर दीर्घ लेख लिहिला. हेच ह्यूम दहा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी होते. आणि त्या काँग्रेसचे साठावे अधिवेशन जानेवारी १९५५ मध्ये कोठे भरले, हे आवडीकरांना सांगावयास नको. योगायोगाला इतिहासात फार अर्थ नसतो. पण तो गाठ पडला की सोडवत नाही, हेही खरे. पुढे १९४० च्या सुमारास हुमायून अब्दुलअली यांनी मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात या खडकांवरील पाकोळ्या आणि सुरय पक्ष्यांविषयी लिहिले.

जेर्डन, ह्यूम, अब्दुलअली. पुन्हा उतारूंचीच नावे! त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. त्यांनी लिहिले नसते तर आमच्या हाती काहीच आले नसते. परंतु ओळखीच्या हाताशिवाय त्या भेगेशी बोट नेता येत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि येथे आमच्या तक्रारीची एक अवघड बाजूही पुढे येते. ज्याला गुहेची वाट ठाऊक, तोच घरटी काढणाऱ्यालाही तेथे पोहोचवू शकतो. मक्त्याची पद्धत गेल्यानंतरही चोरून घरटी काढणे चालूच राहिले. घरटे खरवडताना अंडी आणि पिल्ले पाण्यात पडत. पाकोळीने पुन्हा बांधावे, पुन्हा कोणी खरवडावे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेचे कार्यकर्ते या खडकांवर गेले, तेव्हा त्यांना या चोरीच्या खुणा दिसल्या. त्यांनी पाठपुरावा केला, जागेवर लक्ष ठेवण्याची व्यवस्था केली. पाकोळीला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे, संरक्षण मिळाले. आणि वीण पुन्हा सुरळीत होऊ लागली.

अंदमानात याहून धीट प्रयोग झाला. आपल्या तामिळनाडूतील कोइमतूरच्या सालिम अली पक्षिविज्ञान केंद्राचे डॉ. रवी शंकरन यांनी तेथील गुहांच्या रक्षणाचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांनी राखणीला नेमले ते पूर्वी घरटी काढणाऱ्यांनाच. गुहेची वाट, पाकोळीची वेळ, चोराच्या युक्त्या, सारे त्यांना ठाऊक. पिल्ले उडून गेल्यावर रिकामे घरटे काढले तर पक्ष्याची हानी नाही आणि माणसाचे पोटही चालते, असा त्यांचा विचार होता. शंकरन २००९ साली अकाली गेले. त्यांचा हा विचार सर्वांना पटला, असे नाही. आम्हांला तो पटतो. समुद्राची विद्या ज्याच्या हाती आहे त्याला हाकलून समुद्र राखता येत नाही.

कोकणातील जुन्या पिढीला हे निराळे सांगावे लागत नसे. मुंबईहून निघालेली आगबोट मालवणला दूर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणावे लागे. हलणाऱ्या शिडीवरून पडावात पाय टाकताना लेकरू ज्याच्या हाती द्यावयाचे तो खलाशी अनोळखी असे, आणि तरी आया त्याच्या हाती ते देत. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला जाताना काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. जी थोडी वाचली, त्यांतील पुष्कळांना रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांत ओढून घेतले. जागा व्हावी म्हणून त्यांनी मचव्यातील मासळी समुद्रात टाकून दिली, असे त्या भागात अजून सांगतात. बोटीचे नाव प्रत्येकाला आठवते. मचव्यांची नावे आठवणारे आता थोडे.

समुद्रावरची मराठी खूण पाहण्यासाठी कोकणापर्यंत जाणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी एक ठिकाण याच प्रांतात आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज यांनी १८१४-१५ साली पट्टुकोट्टईजवळ, समुद्रकाठी, आठ मजली षट्कोनी मनोरा बांधला. गावाला महाराजांचेच नाव आहे, शरभेंद्रराजपट्टणम्. आणि इमारतीला तामिळ लोकही 'मनोरा' असेच म्हणतात. ती बांधण्याचे निमित्त ऐकून हसू येईल. इंग्रजांनी नेपोलियनचा पराभव केला, त्याची ती आठवण! भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटावर जन्मलेला, त्याच समुद्रातील एल्बा बेटावर प्रथम कैदेत पडलेला हा माणूस. त्याच्या पराभवाचा मनोरा एका मराठी राजाने पाल्कच्या सामुद्रधुनीवर बांधावा! महाराजांच्या हातची सत्ता तेव्हा इंग्रजांनी काढून घेतलेली होती, त्यामुळे या आनंदात मनापासूनचा भाग किती आणि मन राखण्याचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मनोऱ्यासमोरच्या किनाऱ्यावर तामिळ कोळ्यांच्या होड्या ओढलेल्या असतात. आवडीहून एका दिवसात तेथे जाऊन येणे होत नाही. तंजावरला मुक्काम करावा.

वेंगुर्ल्याच्या खडकांवरून परततानाचे थोडे सांगून थांबतो. ऊन कलले होते, मुले झोपली होती. तांडेलांनी विचारले, "तुम्ही खंयचे?" आम्ही म्हटले, मद्रासजवळ आवडीला असतो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले की, त्यांचे आजोबा शिडाच्या गलबतावर मंगळूरी कौले आणावयास जात आणि एकदोनदा कोचीनपर्यंतही गेले होते. मद्रास मात्र त्यांनी पाहिले नाही, कारण ते दुसऱ्या समुद्रावर. मग मालवणचा धक्का आला, सामान उतरविण्याची घाई झाली, चपला सापडेनात. मोटारीत बसल्यावर आमच्या ध्यानात आले की, दिवसभर ज्यांच्या हाती आठ माणसांचे प्राण होते, त्यांचे नाव विचारावयाचे राहूनच गेले. कोपिशने निदान फेरारोचे नाव लिहून ठेवले होते.

वय साठीच्या आसपास, पांढऱ्या मिशा, उजव्या तळहातावर दोराचा जुना वण, बोटीला निळा रंग आणि नाळेवर झेंडूची माळ. सुट्टीत मालवणला जाणाऱ्या आपल्यापैकी कोणाला ते भेटले, तर त्यांची परवानगी घेऊन नाव आम्हांला कळवावे. मंडळाच्या पुढील अंकात ते छापण्याचे संपादकांनी कबूल केले आहे.